एएमटी की टॉर्क कन्व्हर्टर? झटके देणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिकचं निदान

क्लचचं पेडल नाही म्हणजे गाडी ऑटोमॅटिक, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण आठ-दहा वर्षं चाललेली गाडी झटके द्यायला लागली, की एवढ्यावर भागत नाही. गॅरेजमध्ये ‘गिअरबॉक्स गेला’ हे दोन शब्द ऐकून घाबरण्याआधी आपली ऑटोमॅटिक कुठल्या जातीची आहे ते बघा. एएमटीमध्ये (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गिअरबॉक्स सहसा गेलेला नसतोच. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे तेलातून ताकद नेणाऱ्या गाडीत मात्र दुर्लक्ष केलं तर तो खरंच जातो.

गोंधळ व्हायला कारणही आहे. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि स्वस्त गाड्यांत दोन पेडलांची लाट आली. त्याआधीच्या बहुतेक छोट्या ऑटोमॅटिक, उदाहरणार्थ ह्युंदाई आय-टेन, चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरवर चालत. स्विफ्ट डिझायरमध्ये तर दोन्ही सापडतात: २०१७पर्यंतची पेट्रोल ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरची, २०१६ची डिझेल ऑटोमॅटिक आणि २०१७च्या नव्या मॉडेलपासूनच्या सगळ्या एएमटी. सेकंडहँड बाजारात मात्र दोन्हींवर ‘डिझायर ऑटोमॅटिक’ एवढंच लिहिलेलं असतं.

ओळखायचं कसं? लिव्हरजवळची अक्षरं वाचा. आर, एन, डी आणि बाजूला एम, पण पी कुठेच नाही, तर ती बहुधा एएमटी. पी आहे तर टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा डबल क्लच यांपैकी काहीतरी; नेमकं काय ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये ऑइलच्या पानावर कळतं. एएमटीची आणखी एक खूण म्हणजे बऱ्याच मॉडेलांत ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून सेकंदभर घुर्र असा आवाज येतो. तो हायड्रॉलिक पंपाचा. त्यात बिघाड काही नाही.

एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. तीच कोरडी क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट, तेच रिलीज बेअरिंग. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पाय आणि हात यांच्याऐवजी अॅक्च्युएटर करतो. पंप तेल दाबून अॅक्युम्युलेटरमध्ये साठवतो, सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह ते सोडतात, आणि कधी सोडायचं ते कंट्रोल युनिट ठरवतं. (काही कंपन्या हायड्रॉलिकऐवजी थेट विजेच्या मोटरी वापरतात.)

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कोरडा क्लच नाही. ताकद तेलातून जाते. पुढे प्लॅनेटरी गिअर, तेलात बुडालेले क्लच पॅक आणि तेलाचा दाब वाटून देणारी व्हॉल्व्ह बॉडी. इथे ऑइल म्हणजे निव्वळ वंगण नव्हे. तेच ताकद वाहून नेतं, क्लच दाबतं, उष्णता बाहेर काढतं. म्हणून या गाडीत तपासणी ऑइलपासून सुरू करायची, आणि एएमटीत बॅटरी आणि क्लचपासून.

आता तक्रारी बघू. इंजिन फुकट रेस होतं, आवाज वाढतो, गाडी ओढत नाही. एएमटीत हे चढावर, वरच्या गिअरमध्ये झालं आणि सोबत जळका वास आला, तर क्लच प्लेट संपली. क्लच सेट बदलला की प्रश्न मिटतो, पण नवा सेट बसवल्यावर स्कॅनर लावून क्लच कुठे पकडतो ते कंट्रोल युनिटला पुन्हा शिकवावं लागतं. ही पायरी गाळली, की नवी प्लेट घालूनही गाडी उड्या मारते आणि दोष पुन्हा गिअरबॉक्सवर येतो. काम देण्याआधीच गॅरेजला विचारा: तुमच्याकडे या मॉडेलचं क्लच लर्निंग होतं का?

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तीच तक्रार आली तर आधी ऑइलची पातळी. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन चालू, ऑइल गरम, गाडी सपाटीवर, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या स्थानांतून फिरवून पी-मध्ये, आणि मग मोजायचं. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत गरम करून इंजिन बंद केल्यावर मोजतात, म्हणून मॅन्युअल बघाच. गरम ऑइलची खूण थंडपणी वाचली तर पातळी कमी दिसते, माणूस वरून ओततो, जास्त झालेलं ऑइल फेसाळतं आणि क्लचचं घसरणं (स्लिपिंग) वाढतं. पातळी खरंच कमी असेल तर गळती शोधा. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही.

रंगावरून बरंच कळतं. नवं बहुधा लाल आणि पारदर्शक. तपकिरी झालं तर बदलायची वेळ. काळं आणि जळक्या वासाचं असेल तर क्लच पॅक जळले आहेत; आता ऑइल बदलून आयुष्य फारसं वाढणार नाही. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दुधाळ दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट गेलं आहे, बहुधा रेडिएटरमधला कूलर फुटून. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. चेंबर उघडल्यावर चुंबकावर राखाडी लगदा दिसला तर तो नेहमीच्या झिजेचा. धातूचे तुकडे आणि कपच्या दिसल्या, तर ओव्हरहॉलचा खर्च मोजायला घ्या.

झटक्यांचं असं आहे की एएमटीत गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते आणि मान पुढे जाते. हा तिचा जन्मजात स्वभाव. त्या क्षणी अॅक्सलरेटर किंचित सैल केला की बरंच कमी जाणवतं. पूर्वी नव्हती अशी थरथर पहिल्या गिअरमध्ये सुटताना आली, तर मात्र क्लच बघा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जोरदार झटका हा बिघाडच, पण तो नेहमी गिअरबॉक्सचा नसतो. इंजिन माउंट तुटला की डी टाकताच धाडकन आवाज होतो. मिसफायरही (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) गिअरच्या झटक्यासारखा वाटतो. ताशी ६० ते ८०च्या एकसारख्या वेगात, हलक्या पायाने चालवताना गाडी बारीक थरथरत असेल, तर संशय कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचवर, म्हणजे वेग स्थिरावला की इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचवर. इथे ताज्या, योग्य ऑइलने कित्येकदा फरक पडतो.

तिसरी तक्रार सगळ्यात घाबरवणारी. गाडी जागची हलत नाही, डॅशबोर्डवर एन लुकलुकतो. एएमटीत सर्वप्रथम बॅटरी आणि तिचे टर्मिनल. व्होल्टेज पडलं की अॅक्च्युएटर हात वर करतो. मग ब्रेक पेडलचा स्विच (तो खराब असेल तर गिअर पडतच नाही), मग पंप. दर गिअरला पंप घुरघुरत असेल तर अॅक्युम्युलेटर दाब धरत नाही किंवा कुठे गळती आहे. टॉर्क कन्व्हर्टर याउलट एकाच गिअरमध्ये अडकून कशीबशी चालते. तिने स्वतःला वाचवण्यासाठी तसं केलेलं असतं. स्कॅनरवर पी०७०० एवढाच कोड आला तर त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्सच्या युनिटला विचारा’ इतकाच. त्यावर ओव्हरहॉलचं बिल काढणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पी०७४१ लॉकअपकडे, पी०७५० सोलेनॉइडकडे बोट दाखवतो.

ऑइलबाबत दोन्हीकडे चुका होतात, पण वेगवेगळ्या. ‘ऑटोमॅटिक आहे ना’ म्हणून एएमटीच्या गिअरबॉक्समध्ये एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरसारख्या ऑटोमॅटिकचं ऑइल) ओतलं जातं. तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेलं साधं गिअर ऑइलच लागतं. अॅक्च्युएटरच्या छोट्या टाकीतलं हायड्रॉलिक ऑइल आणखी वेगळं. त्यात ब्रेक ऑइल गेलं तर सील फुगतात आणि महागडं युनिट बाद होतं.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ‘आजन्म ऑइल’ या शब्दावर जाऊ नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ६० हजारांच्या आसपास बदललेलं बरं. ग्रेड तोच हवा: ह्युंदाईचं एसपी-थ्री आणि एसपी-फोर एकमेकांच्या जागी चालत नाही. ड्रेन बोल्टने सगळं ऑइल निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये अडकतं. समजा एकूण आठ लिटर आहे आणि एका वेळी साडेतीन निघतं. पहिल्या वेळेला ४४ टक्के नवं, मध्ये थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं की ६८ टक्के, तिसऱ्यांदा ८२ टक्के. जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या गाडीला मशीनचा जोरदार फ्लश देण्यापेक्षा ही टप्प्याटप्प्याची पद्धत मला पटते. आणि एक पथ्य: आधी भरायचा बोल्ट सैल होतो का ते बघा, मगच ड्रेन उघडा. वरचा गंजून अडकला आणि खालून ऑइल निघून गेलं, की गाडी लिफ्टवरच राहते.

चालवण्यातला फरक घाटात कळतो. चढावर अडकलेली एएमटी अॅक्सलरेटरवर तोलून धरली तर काही मिनिटांत क्लच तापतो. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा, लांबलेल्या सिग्नलला एन करा. टॉर्क कन्व्हर्टरला दर सिग्नलला एन करायची गरज नाही. पार्क करताना मात्र आधी हँडब्रेक, मग पी, नाहीतर चढावर गाडीचं सगळं वजन आतल्या छोट्या खिट्टीवर येतं. एएमटी गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक लावूनच बंद करावी.

टोइंगचा नियम सोपा आहे. टॉर्क कन्व्हर्टरचा ऑइल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून ओढली तर आतले गिअर कोरडे फिरतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढची चाकं उचलूनच न्या, नाहीतर सरळ फ्लॅटबेड मागवा. एएमटी एन-मध्ये असेल तर मॅन्युअलसारखी ओढता येते, पण गिअरमध्ये अडकून बंद पडली असेल तर तिलाही चाकं उचलण्यावाचून पर्याय नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून बाहेर काढलेली टॉर्क कन्व्हर्टर असेल, तर स्टार्ट करण्याआधी ऑइल बघा: तापलेला गिअरबॉक्स पाण्यात झटकन थंड होतो आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी आत ओढतो.