कमी उष्णतेवर जगणारे: स्लॉथ, मुंगीखाऊ आणि आर्माडिलो

सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 ला टेकला की दुपारी नवी पेठ पण सुस्त होते, अर्धं शटर खाली, माणसं सावलीला, आणि त्यांना कुणी आळशी म्हणत नाही. मग स्लॉथलाच का म्हणायचं? रील्सवर त्याला बघून सगळे हसतात, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

स्लॉथ दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडाला उलटा लटकून राहतो. तीन बोटांचा स्लॉथ मुख्यतः पानं खातो आणि पानांत ताकद ती किती, वर पचायलाही जड, खाल्लेलं पूर्ण बाहेर पडायला कधीकधी महिना जातो. एवढ्याशा कमाईत अंग आपल्यासारखं 37 डिग्रीला तापतं ठेवणं परवडणार कसं? म्हणून त्याचं अंग साधारण 30 ते 34 डिग्रीला असतं, हवेबरोबर खालीवर होतं, स्नायूही कमीच. आठवड्यातून एकदा फक्त शी करायला खाली उतरतो, जमिनीवर धड चालता येत नाही, पण पोहतो मात्र छान!

मुंगीखाऊ त्याचा जवळचा नातेवाईक. मोठा मुंगीखाऊ शेपटीसकट 2 मीटरपर्यंत भरतो, तोंडात एकही दात नाही, जीभ जवळपास 60 सेंटीमीटर. वारूळ फोडतो पण मिनिटभरच थांबतो, सैनिक मुंग्या चावायला लागल्या की पुढच्या वारुळाकडे, त्यामुळे पहिलं वारूळ मरत नाही आणि पुन्हा कधीतरी तिथंच जेवण मिळतं. मला ही सवय फार आवडते. अंग याचंही 33 डिग्रीच्या आसपास.

तिसरा आर्माडिलो, पाठीवर हाडाच्या तुकड्यांचं कवच. आपल्या खवले मांजराशी याची गल्लत होते, पण त्याचे खवले नखासारखे केराटिनचे असतात, नातंही लांबचं. नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोला बहुतेक दरवेळी एकाच अंड्यातून चार हुबेहूब पिल्लं होतात.

आणि इथं थंड अंगाचा विषय थेट माणसाच्या आजारापर्यंत जातो. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाही, त्याला जरा थंड अंग लागतं, म्हणून माणसातही तो कातडी, नाक, कान असल्या जागा धरतो. 1971 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की तो या थंड अंगाच्या आर्माडिलोत वाढतो, मग संशोधनाला लागणारे जंतू तिथून मिळायला लागले. अमेरिकेच्या दक्षिण भागात काही रानटी आर्माडिलोंनाही हा आजार असतो आणि त्यांच्याकडून तो काही माणसांना झाल्याचं 2011 च्या जनुकीय तपासणीतून दिसलं. आर्माडिलोंतला हा जंतू त्या खंडात नेला होता मात्र बहुधा युरोपातून गेलेल्या माणसांनीच.