रेडिएटरखाली पाणी: व्हेंट थुंकतंय की व्हॉल्व्ह गळतोय?

न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहायला आलो त्या पहिल्या थंडीत सकाळी अनवाणी हॉलमध्ये गेलो तर पाय थेट ओल्यात, रेडिएटरखाली (म्हणजे वाफेने खोली गरम करणारं यंत्र) लाकडी फ्लोअरवर पाणीच पाणी. बिल्डिंगचा माणूस आला, व्हॉल्व्हचा नट आवळून गेला. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग त्याने व्हेंट बदललं, आठवडाभरात परत पाणी. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो, पान्हा उचलायच्या आधी पाणी कुठून येतंय आणि कधी येतंय ते बघा. जुन्या घरांत फ्लोअरला उतार असतो, पाणी गळतं एकीकडे आणि साठतं भलतीकडे.

आधी ओळख. जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक एकाच पाइपवाली स्टीम असते, म्हणजे ज्या पाइपने वाफ वर येते त्याच पाइपने तिचं झालेलं पाणी खाली बॉयलरकडे परत जातं. हा पाइप जिथे रेडिएटरला जोडलाय तिथे खाली चावीवाला व्हॉल्व्ह. आणि बरोबर समोरच्या टोकाला, साधारण मध्यावर, बोटभर उंचीचं चकचकीत व्हेंट, त्यातून आतली हवा बाहेर जाते आणि वाफेची धग लागली की ते बंद होतं.

व्हॉल्व्हचं गळणं तसं साधं असतं. चावीच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग सुकतं, मग वाफ चालू असेपर्यंत तिथून बारीक सूं आवाज आणि थेंब येत राहतात. कुकरची रिंग कडक झाली की झाकणाच्या कडेने पाणी येतं ना, अगदी तसं. कोरडा टिश्यू दांड्याभोवती गुंडाळून ठेवा, ओला झाला की कळलंच. बॉयलर बंद करून, सगळं गार झाल्यावर, चावीखालचा छोटा नट पाव फेरा आवळा, नाहीच थांबलं तर नवीन पॅकिंग. मात्र व्हॉल्व्ह आणि रेडिएटरच्या मधला मोठा नट जोर लावून फिरवू नका प्लीज, इतकी वर्षं गंजलेला जोड तुटला तर काम भलतंच वाढतं.

व्हेंटचं तसं नाही. ते बहुतेक वेळा वाफ नुकती चढत असताना थुंकतं, आतून गुडगुड येते, कधी हातोडा मारल्यासारखे ठोके पडतात, आणि नीट तापल्यावर बरेचदा गप्प होतं. इथेच सगळे फसतात, कारण पाणी व्हेंटमधून येतं पण दोष बरेचदा व्हेंटचा नसतो, आतलं पाणी परत जाऊ शकत नाही म्हणून ते तिथून बाहेर पडतं. का जाऊ शकत नाही? खोली फार तापते म्हणून कोणीतरी चावी अर्धी बंद केलेली असते. एकाच पाइपच्या सिस्टीममध्ये व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही चालत नाही, अर्ध्या फटीतून वाफ वर येत राहते आणि पाण्याला खाली उतरायला वाट उरत नाही. म्हणजे चूक व्हॉल्व्हपाशी आणि पाणी व्हेंटपाशी!

दुसरं कारण उतार. रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित झुकलेला हवा, पण वर्षानुवर्षं वजनाने पाय फ्लोअरमध्ये रुततात आणि उतार उलटा होतो. वर पाणसळ (उतार दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवून बघा, बुडबुडा उंच बाजूला जातो. आमच्याकडे बुडबुडा चक्क व्हॉल्व्हच्या बाजूला होता, व्हेंटकडच्या दोन पायांखाली पातळ पाचरी सारल्या आणि त्या रात्रीपासून फ्लोअर कोरडं.

चावी पूर्ण उघडी आहे, उतारही बरोबर आहे आणि तरी थुंकतंय, तर मग व्हेंटकडे वळा. गार असताना काढून त्यात फुंकून बघा, हवा जात नसेल तर बदला, आणि नवीन बसवताना ते अगदी सरळ उभं ठेवा. आणि घरातले सगळेच रेडिएटर थुंकायला लागले असतील तर बॉयलरचं प्रेशर बघायला सांगा, घरातल्या स्टीमला 2 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) आतच पुरतं, आपल्या कुकरमध्ये साधारण 15 असतं.