महाप्रसादानंतरचा कचरा कोणाचा?

रामनवमीची शोभायात्रा पुढे गेली की मागे द्रोण, पेले आणि पाण्याच्या पाऊचचा थर उरतो. तो उचलणे महानगरपालिकेचे काम, असे आपण नागपूरकर धरून चालतो. कायदाही बरीच वर्षे तसेच मानत होता.

१९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला आणि शहरांतल्या कचऱ्याकडे देशाचे लक्ष गेले. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्यातून २००० सालचे नागरी घनकचरा नियम आले. त्यांचा मुख्य भार पालिकांवर होता; मंडप घालणाऱ्याकडे फारसे लक्ष नव्हते.

चित्र पालटले २०१६ मध्ये. परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त लोक जमवायचे, तर किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचे आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायचा, असे नव्या नियमांनी आयोजकाला बजावले. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटल्या, पेल्यांवर बंदी आणली. पहिल्यांदा सापडल्यास दंड ५,००० रुपये. १ जुलै २०२२ पासून अशा वस्तूंवर देशभर बंदी आली.

यात तीन दिवसांची अट मला सर्वांत मोलाची वाटते. दंड कचरा पडल्यावर होतो. आधी कळले तर झोन कार्यालय डबे, गाडी, माणसे लावू शकते. नाहीतर ओले-सुके एकत्र होऊन सारे भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते, आणि तिथे आग लागली की धूर भोगतात आसपासच्या वस्त्या.

पण नियमाला अभिप्रेत आहे एकच आयोजक. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्यांना जेवू घालणाऱ्यांत कर्मचारी संघटना असतात, वस्त्यांतली तरुण मंडळे असतात, स्वखर्चाने भात शिजवणारी कुटुंबेही असतात. यातला आयोजक कोणाला म्हणायचे? श्रद्धेने अन्नदान करणाऱ्याच्या हाती थेट दंडाची पावती देणे मला पटत नाही. स्टॉलला जागा ठरवून देतानाच डबे कुठे आणि गाडी किती वाजता, हे सांगता येईल. पळसाच्या पत्रावळी विदर्भात नव्या नाहीत. त्या वापरल्या, तर उष्ट्यासकट सगळे ओल्या कचऱ्याच्या एकाच डब्यात जाते आणि त्याचे खत होऊ शकते.