खुब्यातून निघालेल्या हाडाचं दान : पार्श्वभूमी

खुब्याचा सांधा बदलताना सर्जन मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक करवतीने कापून काढतात आणि तिथे धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात. काढलेल्या टोकावरची कूर्चा, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत आवरण, झिजलेली असते, पण आतलं जाळीदार हाड बऱ्याचदा चांगलं असतं. रुग्णाची संमती आधी घेतलेली नसेल, तर ते पिवळ्या पिशवीत भरून जैववैद्यकीय कचऱ्यात जातं.

एकाच्या ऑपरेशनमधलं हाड दुसऱ्याला द्यायची कल्पना नवी नाही. ग्लासगोचे सर्जन विल्यम मॅकइवेन यांच्याकडे एक लहान मुलगा होता. जंतुसंसर्गाने त्याच्या दंडाचं बरंचसं हाड गेलं होतं आणि हात नुसता लोंबकळत होता. त्याच वॉर्डांत मुडदुसाने पाय वाकलेली मुलं येत. त्यांच्या नडग्या सरळ करताना हाडाच्या पाचरी काढाव्या लागत. 1879-80च्या सुमारास मॅकइवेन यांनी त्या पाचरींचे बारीक तुकडे करून मुलाच्या दंडात टप्प्याटप्प्याने बसवले. हाड जुळलं आणि पुढे अनेक वर्षांनीही तो हात कामाचा राहिला होता. मला या सगळ्या इतिहासात हीच घटना सर्वांत मोलाची वाटते.

हे जमतं, कारण दिलेलं हाड तसंच जिवंत राहावं लागत नाही. ते सांगाडा म्हणून उभं राहतं, रुग्णाच्या स्वतःच्या पेशी त्यात शिरतात आणि हळूहळू नवं हाड घालतात. त्यामुळे किडनीसारखं काटेकोर जुळवून बघावं लागत नाही.

अडचण होती ती साठवणीची. मॅकइवेन यांना दाता आणि रुग्ण एकाच वेळी हाताशी मिळाले. एरवी असं कुठे जुळून येतं? 1942मध्ये क्यूबाचे अल्बर्टो इन्क्लान यांनी थंडीत जपलेल्या हाडाचे अनुभव प्रसिद्ध केले. 1949मध्ये अमेरिकी नौदलाने ऊतीपेढी, म्हणजे दान केलेली हाडं आणि शरीराच्या इतर ऊती साठवून ठेवणारी पेढी, उभारली. 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया रुळवली आणि हाडाची ही गोल टोकं नियमित मिळू लागली.

मग धक्का बसला. 1984मध्ये अमेरिकेत पाठीच्या कण्याच्या ऑपरेशनमध्ये दान केलेलं हाड वापरलेल्या एका रुग्णाला एचआयव्हीची लागण झाली. 1988मध्ये त्याची अधिकृत नोंद प्रसिद्ध झाली. ते हाड वापरलं तेव्हा दात्याचं रक्त तपासायला चाचणीच उपलब्ध नव्हती. त्यानंतर अनेक अस्थिपेढ्यांनी नियम केला : हाड उणे 80 अंशांच्या आसपास गोठवून ठेवायचं, सहा महिन्यांनी दात्याला बोलावून रक्त पुन्हा तपासायचं (लागण ताजी असेल तर पहिल्या तपासणीत ती सुटू शकते) आणि मगच हाड वापरायला द्यायचं. दाता परत आलाच नाही, तर चांगलं हाडही वाया जातं.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतीपेढी 1988मध्ये सुरू झाली. तिथे हाड स्वच्छ करून, सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची पद्धत रुळली. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994च्या कायद्यात 2011च्या दुरुस्तीने ऊतींचा समावेश झाला आणि हाडांच्या दानालाही कायद्याची चौकट मिळाली.

नेत्रदान, देहदानाचे फलक आपण जागोजागी पाहतो. खुब्याच्या ऑपरेशनला आलेल्या माणसाला मात्र ‘हाड दान कराल का?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि त्याचं हाड तर तसंही निघणारच असतं. ऑपरेशनच्या आदल्या भेटीत संमतीपत्र आणि रक्ततपासणी उरकता येते. त्यासाठी त्या रुग्णालयाचं एखाद्या नोंदणीकृत ऊतीपेढीशी आधीच बोलणं झालेलं असायला हवं.