मेसेज खरा आहे, पण कधीचा?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, रविवारी सकाळी चहा घेता घेता आई म्हणाली, "अरे, खालच्या काकांनी पाठवलंय बघ, रोज एक ॲस्पिरिन घेतली की म्हणे हार्ट अटॅक टळतो, मी पण सुरू करू का?" आई ७२ वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे, हृदयाचा त्रास कधी नाही. मी फोन हातात घेतला. लांबलचक मेसेज, हजारो अमेरिकन डॉक्टरांवर झालेल्या अभ्यासाचा उल्लेख, शेवटी जोडलेले हात आणि "सर्वांना पाठवा". सगळं होतं, फक्त तारीख नव्हती.

आता असा मेसेज दिसला की आपण पटकन "फेक आहे" म्हणून मोकळे होतो. पण मी शोधायला बसलो तर तो अभ्यास खराखुरा निघाला! अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर तो झाला, एक दिवसाआड ॲस्पिरिन दिली, आणि १९८९ साली निकाल आला की पहिल्या हार्ट अटॅकचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे काकांचा मेसेज खोटा नव्हता, शिळा होता. कारण नंतर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत मिळून १९,११४ ज्येष्ठांवर मोठी ट्रायल झाली, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, हृदयविकार नसलेले, रोज १०० मिलीग्राम ॲस्पिरिन. तिचे निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये आले. धडधाकट आयुष्याची वर्षं काही वाढली नाहीत, उलट मोठा रक्तस्राव गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के लोकांना झाला आणि न घेणाऱ्यांत २.८ टक्के. त्यानंतर तिथल्या गाइडलाइन बदलल्या, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की ज्यांना हृदयविकार नाही अशांनी साठीनंतर ही गोळी नव्याने सुरू करू नये. (ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसवलाय, त्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे, त्यांनी हे वाचून गोळी अजिबात बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तर नाहीच नाही.)

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट बसली. आरोग्याच्या माहितीला तारीख हवीच, दुधाच्या पिशवीवर असते तशी. आणि तारखेसकट माहिती आणून देणारं एक जुनं, साधं, फुकट तंत्र आपल्याकडे आहे, वेब फीड, म्हणजे आरएसएस.

ही आरएसएस पहिल्यांदा आली मार्च १९९९ मध्ये, नेटस्केप कंपनीत, आणि ती बनवणाऱ्यांत रामनाथन गुहा होते, मद्रास आयआयटीत शिकलेले. कल्पना अगदी सरळ आहे. वेबसाइट आपल्या नव्या मजकुराची एक यादी एका फाइलमध्ये ठेवते, आणि काही नवं आलं की त्या यादीत वरती एक नोंद चढते. ही फाइल कधीतरी ब्राउझरमध्ये उघडून बघाच. कंसांचं जंगल दिसेल, घाबरू नका, थोडं निरखलं की लगेच कळतं. साधारणपणे प्रत्येक नोंदीत शीर्षक, लिंक, दोन ओळींचा सारांश, आणि "पबडेट" (प्रकाशनाची तारीख) नावाची ओळ, वार, तारीख, महिना, साल, तास, मिनिट, सेकंद, वर ती वेळ कुठली तेसुद्धा, भारतातली असेल तर शेवटी +०५३०. मी पहिल्यांदा ती ओळ बघितली तेव्हा मला खरंच बरं वाटलं, कारण काकांच्या मेसेजमध्ये जे नव्हतं ते इथे सेकंदापर्यंत लिहिलेलं होतं.

लोकांना वाटतं फीड म्हणजे दुधाचा रतीब, कोणीतरी दारात आणून टाकतं. तसं नाहीये. साइट आपल्याला काहीच पाठवत नाही, तिला आपला नंबर माहीत नसतो, ईमेलही नसतो. आपलं रीडर ॲप, फीडली, इनोरीडर, काहीही घ्या, तेच ठरावीक वेळाने जाऊन विचारतं, "मागच्या वेळेनंतर काही नवं?" नसेल तर सर्व्हर "३०४" एवढा आकडा कळवू शकतो, म्हणजे काही बदल नाही, आणि मग पूर्ण फाइल उतरवायचीही गरज पडत नाही. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर जाता येता नजर टाकावी तसं हे आहे. कुठले बोर्ड बघायचे ते मी ठरवतो. मी काल गुडघेदुखीचा एक व्हिडिओ बघितला म्हणून आज मला तेलाच्या दहा जाहिराती, असा प्रकार इथे नाही. २०१३ मध्ये गुगलने आपला रीडर बंद केला तेव्हा बऱ्याच जणांनी फीड संपली असं धरलं, पण पॉडकास्ट आजही याच आरएसएसवर चालतात, फक्त नाव कोणी घेत नाही.

आता आरोग्यासाठी नेमकं काय करायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या बातम्यांची फीड आहे, केंद्र सरकारच्या बातम्या देणाऱ्या पत्र सूचना कार्यालयाचीही (पीआयबी) आहे, ती सरळ लावून टाका. पण माझ्या मते खरा खजिना आहे पबमेड, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा कोश, साडेतीन कोटींहून जास्त नोंदी, सगळ्यांना खुला. तिथे काहीही सर्च करा, सर्चच्या चौकटीखाली "क्रिएट आरएसएस" दिसतं, ते दाबलं की तुमच्या त्या सर्चचीच फीड तयार होते. ती लिंक रीडरमध्ये टाकली की त्या विषयावर नवीन पेपर आला की तुमच्याकडे नोंद. मात्र नुसतं "डायबेटिस" टाकू नका, रोज शंभरच्या वर पेपर येतील आणि चार दिवसांत तुम्ही ॲप काढून टाकाल. नेमकं लिहा, म्हणजे डायबेटिस आणि वय आणि पायाची जखम, आणि बाजूच्या फिल्टरमध्ये "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू" निवडा, म्हणजे सुटा एकेक अभ्यास न येता, अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष येतो. मी आईसाठी तीनच सर्च लावलेत, बीपी, गुडघे आणि ॲस्पिरिन. सकाळी मुलुंडहून गाडी पकडली की घाटकोपरपर्यंत वाचून होतं, कधी कधी आठवडाभर काहीच नवं नसतं आणि ते मला चांगलंच वाटतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, फीड फक्त आणून देते, तपासून देत नाही. मेडआर्काइव्ह नावाच्या वैद्यकीय पेपरांच्या साइटची फीड लावलीत तर तिथले पेपर इतर तज्ज्ञांनी तपासायच्या आधीचे असतात. आणि तपासलेलंही चुकू शकतं. २२ मे २०२० ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, कोविडवर तेव्हा दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या औषधावर एक मोठा अभ्यास आला, जगभर बातम्या झाल्या, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवला, आणि मग कळलं की डेटाच तपासता येत नाहीये, ४ जूनला पेपर मागे घेतला. तेरा दिवस! आपल्या ग्रुपवर पहिली बातमी आली असेल, पण मागे घेतल्याची किती जणांना आली? फीडमध्ये अशी दुरुस्ती नवी नोंद म्हणून येऊ शकते, आपल्या तारखेसह. शीर्षकात "रिट्रॅक्शन" किंवा "करेक्शन" दिसलं की मी बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी वाचतो.

आणि जिथे घाई आहे तिथे फीडची वाट बघायची नाही. मुंबईत पावसात हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत आलात, पायाला जखम आहे, तर लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते आणि प्रतिबंधाची गोळी पहिल्या २४ ते ७२ तासांतच घ्यायची असते, तेव्हा सरळ जवळचा पालिकेचा दवाखाना गाठा.

आईचं सांगायचं राहिलं. तिच्या पुढच्या तपासणीला मी २०१८ च्या त्या ट्रायलचा सारांश फोनवर उघडून नेला होता. डॉक्टरांनी वाचला, आईचे रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, "आजी, तुम्हाला ही गोळी नको." त्या संध्याकाळी आईने काकांना जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "तुम्ही ती गोळी कोणाला विचारून घेताय?" काका पुढच्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांना स्टेंट आहे हे आम्हाला तेव्हा कळलं, त्यांची गोळी डॉक्टरांनी चालूच ठेवलीय.