पुढे काहीच झालेलं नसतं

संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या पुढे गाड्या थांबल्या की रिक्षावाला मान बाहेर काढून ठरलेलं वाक्य टाकतो, "पुढे कायतरी झालंय." पंधरा मिनिटं सरकत सरकत वाघबीळ येतं आणि रस्ता मोकळा! ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक. मग अडलं कुठे?

1992 साली जर्मनीत काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग यांनी यासाठी सापशिडीच्या पटासारखं गणिती मॉडेल मांडलं. रस्त्याची साडेसात-साडेसात मीटरची घरं पाडायची. घरात एक गाडी, नाहीतर घर रिकामं. दर सेकंदाला प्रत्येक गाडीने वेग एका घराने वाढवायचा. पण पुढे रिकामी घरं असतील तेवढाच ठेवायचा. आणि मधूनच, फासा पडल्यासारखा, उगाचच एका घराने कमी करायचा.

खरी गोम या 'उगाच'मध्ये आहे. रस्त्यावर पुरेशी जागा असेल आणि हा नियम काढून टाकला, तर गाड्या संचलनासारख्या सुरळीत जातात. तो ठेवला आणि गर्दी वाढवली, की कोंडी आपोआप उगवते. कुणीतरी मोबाइलकडे बघतो, जरा ब्रेक लागतो, मागचा थोडा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी. दहावा-बारावा पार थांबतो.

जपानी संशोधकांनी हे खऱ्या गाड्यांवर करून पाहिलं आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केलं. 230 मीटरचा गोल रस्ता, 22 गाड्या, ना सिग्नल ना चौक. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली आणि ती मागे मागे सरकू लागली.

मागे का? रांगेतल्या गाडीला साडेसात मीटर जागा धरा, आणि पुढची हलल्यावर मागची हलायला दोन सेकंद. म्हणजे कोंडीचं तोंड सेकंदाला पावणेचार मीटर, तासाला साडेतेरा किलोमीटर वेगाने मागे येतं. वाघबीळला दाबलेला ब्रेक मानपाड्याला भोगावा लागतो तो असा.

आपल्याकडे हा पट जसाच्या तसा चालत नाही. लेन नावापुरती, म्हणून घरं बारीक करावी लागतात: कारला जास्त, बाईकला कमी, शिवाय आडवं सरकायची मुभा.

अमेरिकेत अशाच गोल रस्त्यावर संगणकाने वेग सांभाळणारी एकच गाडी सोडली, तर कोंडीची लाट विरली. युक्ती साधीच: पुढे अंतर राखायचं, म्हणजे ब्रेकचा धक्का तिथेच जिरतो. परवा मीही करून पाहिलं. पातलीपाड्यापर्यंत माझ्या त्या अंतरात दोन रिक्षा, एक स्कूटर आणि एक पाण्याचा टँकर येऊन बसले.