कूलर लावला की खिडक्या बंद?

एप्रिल लागला की हा सल्ला हमखास फिरतो: कूलर सुरू केल्यावर दारं-खिडक्या घट्ट लावा, गारवा टिकतो. एसीला हे लागू आहे, कूलरला नाही.

कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो. पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते, म्हणून ती गार होते. पण सोबत दमटही होते. नागपुरात मे महिन्यात, 45 अंशांच्या दुपारी, हवा इतकी कोरडी असते की दोरीवरची चादर बघता बघता वाळते. म्हणून तर कूलर इथे झकास चालतो. खोली बंद केली की दमट हवा कोंडते, नवी हवा आत येणं मंदावतं, घाम वाळेनासा होतो आणि अंथरूण चिकट लागतं.

टाकीतल्या बर्फाचाही फार उपयोग नाही. 1 लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता खेचली जाते, तिचा जेमतेम सातवा हिस्सा 1 किलो बर्फ वितळताना लागतो.

तपासायचं तर कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडा आणि फटीशी कागदाची पट्टी धरा. ती बाहेर झुकायला हवी. मग खिडकी लावून अर्धा तास बसा, फरक अंगालाच कळेल. जुलैत मात्र बाहेरची हवाच ओली. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवलेला बरा.